भिंत लाकडाची असती तर

मुंबई-ठाण्याकडे जुलै महिन्यात तुम्ही कुणाकडे गेलात आणि यजमानाने पाणी विचारायच्या आधीच तुम्हाला आतल्या खोलीत नेलं, तर गैरसमज करून घेऊ नये. त्याला भिंत दाखवायची असते. कपाट हातभर पुढे ओढलेलं असतं, गादी गुंडाळून कॉटवर उभी केलेली असते, आणि छताच्या कोपऱ्यातून एक पिवळट डाग रंगाला पोपडे आणत खाली उतरलेला असतो. पाहुण्याने यापुढे काय करायचं हे कुणी शिकवलेलं नसतं, तरी सगळे तेच करतात. डागावर तळहात ठेवतात, क्षणभर डोळे मिटतात आणि म्हणतात, "आहे हो. ओल आहे."

यात पंथ आहेत. काही जण तळहात ठेवतात, काही पालथा हात. काही बोटाच्या पेराने टकटक करून नुसत्या आवाजावरून पाणी कुठवर आलंय ते सांगतात. वास घेणारे वेगळेच. ते नाक भिंतीपासून चार बोटांवर धरून "कुबट" एवढंच म्हणतात आणि बाकीचे त्यांच्याकडे आदराने बघतात. माझ्या एका मावसभावाने तर गाल टेकवला होता. ओल आहे की नाही ते त्याला सांगता आलं नाही, पण परतताना त्याच्या गालावर जुन्या डिस्टेंपरचा आकाशी पोपडा होता, आणि आमच्या लग्नाच्या वेळी त्या खोलीला कुठला रंग होता हा घरातला जुना वाद त्यामुळे मिटला.

या सगळ्या तपासण्यांत अडचण एकच आहे. माणसाच्या कातडीत ओल ओळखणारी यंत्रणाच नाही. गारवा कळतो, दाब कळतो, बुळबुळीतपणा कळतो. मेंदू त्यांची बेरीज करून "ओलं" असा निकाल देऊन टाकतो. त्यामुळे एसीच्या झोतात गार पडलेली कोरडी भिंत हाताला ओली लागते आणि उन्हाने तापलेली ओली भिंत कोरडी. झुरळाचं तसं नाही. त्याच्या मिशांवर दमटपणा आणि कोरडेपणा वेगवेगळा ओळखणाऱ्या पेशी असतात, आणि शास्त्रज्ञांनी त्यांचा रीतसर अभ्यास केलेला आहे. म्हणजे घरात ओल नेमकी कुठे आहे हे ज्याला खरोखर कळतं, जो रोज रात्री फुकट पाहणी करतो, त्याला आपण चपलेने मारतो.

आमच्याकडे ओल आली तेव्हा संशयित तिघे होते. इमारत चार मजली, लिफ्ट नसलेली, आम्ही तिसऱ्यावर. बेडरूमची पश्चिमेची भिंत भिजली. पश्चिम म्हणजे पावसाच्या तोंडावरची बाजू, म्हणून पहिला संशय पावसावर. भिंतीच्या बरोब्बर वर चौथ्या मजल्यावरच्या काकांचं बाथरूम, म्हणून दुसरा संशय त्यांच्या नहाणी ट्रॅपवर. तिसरा संशयित काकांनी स्वतः शोधून काढला. "तुम्ही खोली बंद करून झोपता," ते मला म्हणाले. "रात्रभर माणसं श्वास सोडतात. तो जातो कुठे, सांग बरं?"

हा वाद निव्वळ ज्ञानासाठी नव्हता. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे पावसाचं पाणी बाहेरून झिरपत असेल तर दुरुस्तीचा खर्च सोसायटीचा, आणि सभासदाच्या संडास-बाथरूममधून झिरपत असेल तर त्या सभासदाचा. श्वासाबद्दल उपविधींत काही नाही, पण दोष श्वासाचा ठरला असता तर खर्च आमचाच होता. एका डागाची तीन बिलं होऊ शकत होती, आणि सेक्रेटरी, काका आणि आम्ही यांपैकी प्रत्येकाला दुसऱ्याचं बिल पसंत होतं. तळहात ठेवून पैसे कोण देणार हे ठरत नाही. शेवटी कमिटीच्या बैठकीत खजिनदार म्हणाले, "मशीन आणू. मशीन खोटं बोलत नाही."

मशीनबरोबर एक मुलगा आला. पाण्याने भिजलेल्या जागा वाळवून देणाऱ्या कुठल्याशा कंपनीत तो कामाला होता. बँकांच्या सर्व्हर रूम आणि कपड्यांची गोदामं हे त्याचं रोजचं काम. आमची बेडरूम तो खजिनदारांच्या शब्दाखातर बघणार होता. खोलीत आम्ही घरचे, काका-काकू, सेक्रेटरी, खजिनदार आणि समोरच्या ब्लॉकमधल्या आजी. मुलाने मोबाईलएवढं यंत्र काढलं. त्याला पुढे दोन सुया होत्या. त्या त्याने डागात टोचल्या आणि पडद्यावर आकडा उमटला, ३४.

"चौतीस टक्के!" बायको विजयाने म्हणाली.

"कशाच्या?" काकांनी विचारलं. काकांची सगळी नोकरी कोर्टाच्या कचेरीत गेली आहे.

प्रश्न रास्त होता, आणि उत्तर देताना तो मुलगा जरा चाचरला. दोन सुयांमधून अगदी क्षीण वीज सोडली जाते. वस्तू जितकी ओली तितकी वीज सहज जाते, आणि किती सहज गेली त्यावरून यंत्र ओलीचा अंदाज बांधतं. पण हा अंदाज बसवलेला असतो लाकडासाठी. लाकडात पाणी किती असलं म्हणजे वीज किती अडते याची कोष्टकं तयार आहेत, विटा आणि गिलाव्याची जात मात्र दर इमारतीला वेगळी.

"म्हणजे," काका म्हणाले, "भिंत लाकडाची असती, तर तिच्यात चौतीस टक्के पाणी असतं."

"बरोबर, काका."

"पण ती लाकडाची नाही."

"नाही."

"मग आहे किती?"

"ते या मीटरला नाही सांगता येत. हा आकडा तुलनेपुरता."

काकांनी सेक्रेटरींकडे पाहिलं. 'असती तर'वर कुणाकडून वसुली झालेली त्यांच्या ऐकिवात नव्हती.

त्यानंतरचा अर्धा तास त्या मुलाच्या हाती काही राहिलं नाही. यंत्र लाकडासाठी आहे म्हटल्यावर घरातलं सगळं लाकूड पुढे आलं. नानांची, म्हणजे माझ्या वडिलांची, काठी १६. दाराची चौकट १९. ती दर पावसाळ्यात फुगते आणि संडासात अडकलेल्या माणसाला बाहेरून खांदा लावून सोडवावं लागतं, तेव्हा या आकड्याने कुणाला नवल वाटलं नाही. पोळपाट २४, पण तो नुकताच विसळलेला होता अशी बायकोने हरकत नोंदवली. आजींनी घरून पापड आणला. त्यावर यंत्र काहीच बोललं नाही, आणि पापड सादळलेला नाही असा त्याचा अर्थ आजींनी आपल्यापुरता लावून घेतला. सेक्रेटरींनी गंमत म्हणून अंगठा पुढे केला, तर यंत्राने थेट वरचं टोक गाठलं.

मुलगा मग एकेक खाचखळगा सांगत गेला आणि काका ते मनात टिपत गेले. भिंतीला लोणा धरला असेल, म्हणजे आतले क्षार पृष्ठभागावर आले असतील, तर ओल कमी असूनही आकडा चढतो, कारण क्षारांमुळे वीज जास्त वाहते. दुसरं एक बिनसुयांचं यंत्र त्याच्याकडे होतं. ते भिंतीवर नुसतं टेकवायचं. सुमारे दोन सेंटीमीटर आतपर्यंतचं त्याला समजतं. ते भिंतीवरून सरकवताना एका जागी एकदम उसळलं. आम्ही सगळे पुढे झालो. "इथे सळई आहे," मुलगा म्हणाला.

"एकाला मीठ ओळखता येत नाही, दुसऱ्याला लोखंड," काका म्हणाले. "साक्षीला उभे केलेत तर उलटतपासणी चहा निवायच्या आत उरकेल."

मुलाने हार मानली नाही. त्याच्या धंद्याचा मूळ नियम असा की एकट्या आकड्याला अर्थ नसतो. आधी त्याच इमारतीतली, त्याच बांधणीची, न भिजलेली भिंत शोधायची. तिचा आकडा हे ध्येय, आणि ओली भिंत तिथवर खाली आणायची. "एखादी कोरडी भिंत दाखवा," तो म्हणाला. जुलै महिन्यात, ठाण्यात.

आमची वरात निघाली. तळमजल्यावर २७ निघाले. त्या घरच्यांना आपल्याकडे ओल आहे हे ठाऊकच नव्हतं. ते सुखात होते. त्यांनी तिथल्या तिथे सेक्रेटरींना तोंडी तक्रार दिली. पहिल्या मजल्यावर नवा रंग काढलेला होता, तिथे सुया टोचायला परवानगी मिळाली नाही. दुसऱ्यावर एका भिंतीत २२ आणि समोरच्या भिंतीत २९. यात काही विपरीत नाही. २६ जुलै २००५ ला चोवीस तासांत सांताक्रूझला ९४४ मिलीमीटर पाऊस मोजला गेला आणि कुलाब्याला ७३. शहर एक, दिवस एक, दोन्ही मापकं बरोबर. पण सेक्रेटरींना कुलाब्याशी कर्तव्य नव्हतं. आम्ही निघालो तेव्हा त्यांच्याकडे ओलीची एक तक्रार होती, तिसऱ्या मजल्यावर परत पोचलो तेव्हा पाच झाल्या होत्या, आणि मशीनची कल्पना कोणाची होती हे ते खजिनदारांना पुन्हा पुन्हा विचारत होते.

कोरडी भिंत अखेर सापडली. चौथा मजला, काकांचा हॉल. काकांना दमा आहे, त्यामुळे एसी दिवसरात्र चालतो, आणि एसी खोली गार करता करता हवेतलं पाणी पिळून बाहेर टाकत असतो. आकडा १५. ज्यांच्या ट्रॅपवर सबंध इमारतीचा संशय, त्यांचीच भिंत इमारतीत सगळ्यांत कोरडी, आणि आता तीच अधिकृत मानक. काका त्या दिवशी फार गोड बोलले. काकूंनी सगळ्यांना सरबत दिलं.

पाणी मुळात येतं कुठून ते अजून ठरायचं होतं. त्यासाठी जी परीक्षा आहे तिच्यामागची बुद्धी थोर आहे: गळती आहे का हे बघायला आणखी पाणी ओतायचं. ट्रॅपला बोळा घालून काकांच्या बाथरूममध्ये चोवीस तास पाणी तुंबवून ठेवलं. रंगपंचमीचा उरलेला गुलाबी रंग त्यात मिसळला, म्हणजे कोणाचं पाणी याबद्दल शंका नको. त्या दिवशी काका आंघोळीला आमच्याकडे आले आणि जाताना आमच्या मोरीचा उतार चुकलाय असं सांगून गेले. दुसऱ्या दिवशी गुलाबी डाग उमटला, पण तो दुसऱ्या मजल्यावर, पलीकडच्या ब्लॉकच्या ओट्यावर. स्लॅबमध्ये शिरलेलं पाणी सळईच्या, पाइपच्या कडेने वाट काढत कुठवरही जातं. डाग दिसतो तिथेच गळती असते असं नाही. सहावी तक्रार आली. आमच्या भिंतीवरही गुलाबी झाक आली आहे असं बायकोचं मत पडलं. ती झाक पहिल्यापासून होती असं काकांचं.

मग प्लॅस्टिकची परीक्षा. ही मला मनापासून आवडली, कारण तिला सुया लागत नाहीत, कोष्टकं लागत नाहीत आणि ती कुणालाही समजते. काँक्रीट तपासण्याच्या अमेरिकेतल्या एका मानकात ती आहे: अठरा इंची चौरस प्लॅस्टिक चारही कडांनी चिकटपट्टीने घट्ट लावून किमान सोळा तास तसंच ठेवायचं. आतल्या बाजूला थेंब जमले तर पाणी भिंतीतून येतंय. बाहेरच्या बाजूला जमले तर खोलीतली दमट हवा गार भिंतीवर निवतेय. म्हणजे काकांच्या श्वास-सिद्धान्ताचा सोक्षमोक्ष. सकाळी मंडळी चहा घेऊनच जमली. प्लॅस्टिकच्या दोन्ही बाजूंना थेंब होते. बायकोने आतल्या बाजूचा फोटो काढला, काकांनी बाहेरच्या, आणि सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन्ही पाठोपाठ आले.

यावर तोडगा निघाला तो थकव्यातून. काकांनी ट्रॅप बदलायचा, सोसायटीने बाहेरच्या भिंतीच्या भेगा भरून वॉटरप्रूफिंगचा हात मारायचा, वाळवण्याचं भाडं तिघांत वाटून घ्यायचं. मुलाने जाता जाता कागदावर 'पाण्याचा वर्ग: दुसरा' असं लिहिलं आणि तोडगा मोडता मोडता राहिला. त्या धंद्यात पाण्याचे तीन वर्ग मानतात. पिण्याजोगं स्वच्छ पहिल्यात, आंघोळी-धुण्याचं दुसऱ्यात, गटाराचं आणि पुराचं तिसऱ्यात. "मी दिवाळीलाच नव्हे, दर रविवारी उटणं लावून आंघोळ करतो," काका म्हणाले. "माझं पाणी दुसऱ्या वर्गाचं?" त्यांना कसंबसं समजावलं. पाणी साचून राहिलं की वर्ग आणखी खाली घसरतो हे मुलगा सांगणार होता, पण खजिनदारांनी त्याच्या पायावर पाय दिला.

वाळवण्याच्या कामात खरं काम रोज मोजण्याचं असतं, आणि ते नानांकडे आलं. रोज ठरलेल्या वेळी, भिंतीवर पेन्सिलीने केलेल्या खुणांवरच, त्याच यंत्राने. नाना बँकेतून निवृत्त झाल्यावर त्यांच्या हाती हिशेब जुळवण्याजोगं काही आलं नव्हतं. त्यांनी लाल पुठ्ठ्याची वही आणली, रकाने आखले: तारीख, वेळ, खूण क्रमांक, आकडा, खोलीचं तापमान, हवेतली आर्द्रता, शेरा, सही. पहिल्या दिवशी सहीखाली त्यांनी तारीखही घातली, जी शेजारच्या रकान्यात होतीच.

आर्द्रतेसाठी मुलगा एक छोटा मापक ठेवून गेला होता. तो बरोबर आहे कशावरून, असा प्रश्न काकांनी दुसऱ्या दिवशी काढला. त्यावरचं उत्तर स्वयंपाकघरात निघालं. एका बाटलीच्या बुचात मीठ घ्यायचं, ते जेमतेम ओलं करायचं आणि मापकाबरोबर घट्ट बंद पिशवीत रात्रभर ठेवायचं. भिजलेलं मीठ आपल्या भोवतालची हवा ७५ टक्क्यांवर धरून ठेवतं, ठाण्यात असो की स्टॉकहोममध्ये. प्रयोगशाळाही मापकं तपासायला हीच युक्ती वापरतात. पावसाळ्यात मिठाला पाणी सुटतं तेही यामुळेच. हवेतली आर्द्रता पंचाहत्तरच्या पुढे गेली की मीठ तिच्यातलं पाणी ओढून विरघळायला लागतं. म्हणजे तळहात, यंत्र, झुरळ कुणाचीच गरज नसलेला अचूक जाणकार पिढ्यानपिढ्या चुलीजवळच्या बरणीत बसून होता. सकाळी नानांनी पिशवी उघडली. मापक ७३ दाखवत होता. "दोन कमी सांगतो," नाना समाधानाने म्हणाले आणि वहीत 'मापक चूक +२' असा कायमचा शेरा टाकला.

माणसाने हवेतली ओल मोजायला काय काय वापरलंय ते वाचलं की पापड घेऊन आलेल्या आजी परंपरेतल्याच वाटतात. पंधराव्या शतकात निकोलस कुसाने लिहून ठेवलंय की तराजूच्या एका पारड्यात लोकर टाका, दुसऱ्यात दगड. हवा दमट झाली की लोकर जड होईल. जिनिव्हाच्या सोस्यूरने माणसाचा केस घेतला. केस दमट हवेत सुमारे दोन-अडीच टक्क्यांनी लांबतो, हे हेरून त्याने केसावर चालणारा मापक बनवला आणि १७८३ मध्ये त्यावर ग्रंथ लिहिला. नानांना हे वाचून दाखवलं तेव्हा त्यांनी टकलावरून हात फिरवला आणि विषय बदलला.

घरातलं युद्ध खिडकीवरून पेटलं. भिंत वाळवायची तर खिडक्या उघडा, वारा खेळू दे, असं आई म्हणायची, आणि मे महिन्यात ती शंभर टक्के बरोबर ठरली असती. पण तीस अंशाची हवा पाण्याने पूर्ण भरली तर एका घनमीटरमध्ये सुमारे तीस ग्रॅम पाणी मावतं. जुलैत बाहेरची हवा जवळजवळ भरलेलीच असते, म्हणजे आमच्या दहा बाय बाराच्या खोलीतल्या नुसत्या हवेत पाऊण लिटरच्या वर पाणी तरंगतंय. असल्या हवेने भिंत काय वाळणार? म्हणून भाड्याचा डीह्युमिडिफायर आला. तो घुरघुरत हवा आत ओढतो, तिच्यातलं पाणी गाळून खालच्या डब्यात टाकतो आणि कोरडी हवा परत सोडतो. पहिल्या सकाळी डबा काठोकाठ भरला, सगळे खूष झाले. दुसऱ्या सकाळीही भरला. तिसऱ्या दिवशी नानांच्या लक्षात आलं की डबा भरतोय पण भिंतीचा आकडा जागचा हलत नाही. आईने खिडकीची झडप बोटभर उघडी ठेवली होती. आम्ही दोन दिवस वीज जाळून अरबी समुद्र उपसत होतो. डब्यातलं पाणी आई रोज तुळशीला घालत असे, त्यामुळे तिच्या मते ते वाया गेलेलं नव्हतं.

खिडकी बंद झाली आणि आकडे उतरू लागले. ३१, २९, २८. नानांनी आलेख काढून फ्रिजवर लावला. येणारे-जाणारे आधी आलेख बघायचे, मग आम्हाला विचारायचे, "आज किती?" रुग्णाच्या उशाशी टांगलेला तापाचा तक्ता बघतात तितक्याच गंभीरपणे. मग एका मंगळवारी आकडा चढला. शेऱ्याच्या रकान्यात कारण हवं, म्हणून नानांनी चौकशी सुरू केली, आणि इथून वहीचं रूप पालटलं. 'धुणं घरात वाळत घातलं, चादरी २.' 'कुकर तीनदा.' 'पाहुणे ५, चहा दोन वेळा.' धुण्याच्या चादरीतलं पाणी दोरीवरून नाहीसं होतं ते घरातच राहतं, हे तत्त्व निर्विवाद आहे. पण 'सुनेने केस धुतले, खोलीत वाळवले' अशी नोंद तारीख, वेळ आणि सहीसकट सापडली तेव्हा वही दोन दिवस जप्त झाली. त्या दोन दिवसांच्या जागी आलेखात तुटक रेघ आहे. तिच्यावर नानांनी 'प्रशासकीय कारण' असं लिहिलंय.

एवढ्यात श्रावण लागला आणि रंगारी आला. रंगारी या जमातीचा ओलीवर विश्वासच नसतो. त्याने भिंतीवर बोट फिरवलं आणि म्हणाला, "साहेब, पुट्टी मारली की काही दिसणार नाही." दिसत नाही हे खरं. ते दिसतं दिवाळीत, पाहुण्यांसमोर, फुगे येऊन. नानांनी त्याला वही दाखवली. त्याने ती उलटीसुलटी करून परत दिली आणि स्वतःचा उपाय काढला: दोन हॅलोजन लावा, रात्रभरात कडकडीत.

तसं भाजून काढलं तर वरचा थर वाळून आतलं पाणी आतच कोंडतं आणि गिलावा तडकतो. हे आम्हा ठाणेकरांना उशिरा कळतं. फ्लॉरेन्सवाल्यांनी ते ओळखून पावलं टाकली होती. ४ नोव्हेंबर १९६६ ला आर्नो नदी शहरात शिरली आणि शेकडो वर्षांची, लाकडी फळ्यांवर रंगवलेली चित्रं भिजली. लाकूड चटकन वाळलं असतं तर आकसलं असतं आणि वरचा रंग सुटून आला असता. म्हणून बोबोली बागेत लिंबाची झाडं थंडीत ठेवायची जी मोठी इमारत आहे, तिच्यात ती चित्रं ठेवून आतली हवा मुद्दाम दमट ठेवली. सुरुवातीला आर्द्रता नव्वदच्या वर, आणि मग महिन्यामहिन्याने थोडी थोडी खाली. पुराच्या पाण्यात बारा तासांच्या वर राहिलेलं वासारीचं 'द लास्ट सपर' दुरुस्त होऊन पुन्हा जागेवर लागलं ते २०१६ च्या नोव्हेंबरात, पुराला बरोबर पन्नास वर्षं झाल्यावर. हे मी सेक्रेटरींना सांगितलं तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर प्रथमच शांती दिसली. आपली सोसायटी जागतिक दर्जाने काम करते हे त्यांना कुणी आजवर सांगितलं नव्हतं.

रंगाऱ्याला मात्र पन्नास वर्षं थांबायचं नव्हतं. गणपती दोन आठवड्यांवर, त्याच्या हातात आणखी पाच घरं, आणि आमची भिंत १९ वर येऊन अडलेली. ध्येय १५. काँक्रीट महिन्याला साधारण इंचभर वाळतं असा एक ठोकताळा आहे. नानांनी तो भिंतीच्या जाडीला लावून पाहिला आणि उत्तर कार्तिकात निघालं. डीह्युमिडिफायरचं भाडं रोज चढत होतं. खजिनदारांनी विशेष सभा बोलावली.

सभा काकांच्याच हॉलमध्ये भरली. विषय एकच: १९ हा आकडा कोरडा मानावा किंवा कसे. नानांनी ध्येयाची आठवण करून दिली आणि मुलाने ठेवून दिलेलं यंत्र पुढे करून म्हणाले, मूळ भिंत पुन्हा एकदा मोजू. सुया टोचल्या. आकडा आला १८. काकांचा दमा उतरला होता, आठवडाभर एसी बंद होता आणि वीजबिल निम्म्यावर आलं होतं. मानकालाच ओल आली होती.

"मग एकोणीस आणि अठरा यांत फरक तो काय?" खजिनदार म्हणाले.

"एक," नाना म्हणाले.

चर्चा तासभर चालली. तळमजल्याने विचारलं की एकोणीस कोरडं असेल तर आमच्या सत्तावीसचं काय, आणि ते पुढच्या सभेवर ढकललं गेलं. काकांनी एसी पुन्हा लावून भिंत पंधरावर आणायची तयारी दाखवली, पण ते वीजबिल सोसायटीने भरावं अशी अट घातली, तेव्हा सगळ्यांना एकोणीस एकदम पटला. ठराव असा झाला: 'तिसऱ्या मजल्यावरील पश्चिमेची भिंत गणेशोत्सवापुरती कोरडी समजण्यात यावी.' नानांनी आपला विरोध आकड्यासह इतिवृत्तात नोंदवावा असा आग्रह धरला. फ्लॅट माझ्या नावावर असल्याने नाना सभासद नाहीत, हे सेक्रेटरींनी अदबीने निदर्शनास आणलं. यावर काकांनी, ज्यांच्याशी नानांचं महिनाभर धड बोलणं नव्हतं, उपविधींचं पुस्तक मागवलं आणि असभासदाचं निवेदन इतिवृत्ताला जोडता येतं की नाही यावर पाऊण तास घेतला. निवेदन जोडलं गेलं. वहीची सगळी पानं, सुटलेल्या दोन दिवसांसकट.

ठरावाखाली सूचक म्हणून काकांची सही आहे. अनुमोदक कोण, असं सेक्रेटरींनी विचारलं तेव्हा दाराशी उभ्या असलेल्या रंगाऱ्याने हात वर केला.